थेंब का अडतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी कवितेचा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही मराठी घेऊन. त्यामुळे आज मी रक्तावर बोलणार म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, आता हे गृहस्थ रक्ताचं नातं, रक्ताचं पाणी असलं काहीतरी ऐकवणार. तसं नाही. कवितेतलं रक्त मी तीस वर्षं वापरलं आणि फार सहज वापरलं. प्लास्टिकच्या पिशवीतलं, नळीतून थेंबाथेंबानं उतरणारं खरं रक्त मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते माझ्या नातीच्या खाटेशेजारी बसून. त्या थेंबाची गोष्ट आज सांगायची आहे. तो कधी अडतो, का अडतो आणि अडला की आपण दोष कुणाला देतो, एवढीच.

नात सात वर्षांची आहे. आठ महिन्यांची असताना तिला थॅलेसेमिया मेजर असल्याचं कळलं. आई आणि वडील दोघंही या आजाराचे वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता असते, की मूल हा आजार घेऊन जन्माला येईल. वाहकाला स्वतःला त्रास होत नाही, म्हणून त्याला पत्ताही नसतो. आमच्या घरात कुणालाच नव्हता. या मुलांच्या शरीरात हिमोग्लोबिन नीट तयार होत नाही. मग दर तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त द्यायचं आणि त्या रक्तातून साचत जाणारं लोह काढून टाकण्यासाठी रोज औषध घ्यायचं, असा हा संसार. अमेरिकेतल्या थॉमस कूली या डॉक्टरनं १९२५ साली या आजाराचं वर्णन केलं. त्याला शंभर वर्षं होऊन गेली, पण ज्या घरात तो येतो त्या घराला तो त्या दिवशीच नवा असतो.

ती चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. पिशवी लावून तासभर झाला असेल, ती कुडकुडायला लागली. बघता बघता ताप चढला. सिस्टर धावत आल्या, नळीची चावी बंद केली, पिशवी काढून नेली. दोन-तीन तासांत ताप उतरला. माझ्या डोक्यातला मात्र उतरला नाही. मी त्या पिशवीवर नाव शोधत होतो. पिशवीवर नाव नसतं. नंबर असतो, गट असतो, तारीख असते. शेजारच्या खाटेवरच्या पोराची आजी म्हणाली, "कुनाकुनाचं रगत असतंय भाऊ, आपल्याला काय ठावं."

मी मान डोलावली. सगळी माणसं एक आहेत, अशा कविता तीस वर्षं लिहिणाऱ्या माणसानं मान डोलावली, हे आज तुमच्यासमोर कबूल करतो.

पुढच्या खेपेला मी माझ्या मुलाला सोबत नेलं. म्हणजे नातीचा सख्खा मामा. तरणाताठा, गट जुळणारा, निर्व्यसनी. डॉक्टरबाईंना म्हटलं, "आता बाहेरचं नको. घरचं रक्त द्या."

त्या म्हणाल्या, "काका, घरचं तर अजिबात नको."

मला राग आला. त्यांनी तो ओळखला असावा. वॉर्डातली फेरी संपवून परत आल्या आणि समोरच्या स्टुलावर बसून मला समजावून सांगायला लागल्या. आज मी जे सांगणार आहे त्याचा निम्मा भाग त्या स्टुलावरचा आहे. उरलेला निम्मा त्यांनी पुढे वाचायला दिलेल्या कागदांतला, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलेला.

रक्त जुळतं की नाही, हे आपण पाहतो ते लाल पेशींवरून. ए, बी, ओ हे गट कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली जगापुढे मांडले. पुढे १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक फार दुर्मिळ गट सापडला. तो आजही जगभर 'बॉम्बे' याच नावानं ओळखला जातो. हे सगळं लाल पेशींचं. पण पिशवीत पांढऱ्या पेशीही असतात आणि त्यांनाही स्वतःची ओळख असते. ती ओळख पहिल्यांदा पटवली फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी, १९५८ साली. ज्या रोग्यांना पुन्हा पुन्हा रक्त द्यावं लागलं, त्यांचं शरीर दुसऱ्याच्या पांढऱ्या पेशींविरुद्ध हत्यारं तयार करून ठेवतं, असं त्यांच्या लक्षात आलं. या कामाबद्दल १९८० साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

म्हणजे माझ्या नातीला आलेला ताप हा त्या अनोळखी दात्याच्या रक्तातल्या खोटेपणाचा नव्हता. त्याचं रक्त चांगलंच होतं. त्याच्या पांढऱ्या पेशी आणि तिच्या शरीरातली हत्यारं यांची गाठ पडली, एवढंच झालं होतं. शिवाय पिशवी फ्रीजमध्ये असते, तेव्हा या पांढऱ्या पेशी हळूहळू मरतात आणि मरता मरता ताप आणणारी द्रव्यं त्या रक्तात सोडतात. त्यानंही थंडी वाजते.

"मग मामाचं का नको?" मी विचारलं.

"मामाच्या पांढऱ्या पेशी हिच्या पेशींसारख्याच दिसू शकतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "परक्याच्या पेशी आल्या, तर हिचं शरीर त्यांना ओळखून संपवून टाकतं. मामाच्या आल्या, तर ते फसतं, त्यांना घरात राहू देतं. आणि त्या पेशी मात्र हिच्या शरीराला परकं समजून त्याच्यावरच तुटून पडू शकतात. असं क्वचित होतं, पण झालं तर बहुतेक वेळा जीव वाचत नाही. म्हणून नातलगाचं द्यायची वेळ आलीच, तर आधी त्या पिशवीवर किरणांचा मारा करावा लागतो. आणि उद्या हिच्यासाठी घरातल्या कुणाचा अस्थिमज्जा घ्यायची वेळ आली, तर आत्ताच घरचं रक्त देऊन हिच्या शरीराला त्याच्याविरुद्ध शिकवून ठेवायचं का?"

घरचं ते सुरक्षित आणि बाहेरचं ते धोक्याचं, हा माझा हिशेब जागच्या जागी उलटा झाला. मुलगा तेवढ्यात म्हणाला, "मॅडम, आलोच आहे तर माझं घ्या. दुसऱ्या कुणाला द्या." त्याचं रक्त घेतलं. कुणाला गेलं ते आम्हाला माहीत नाही. पिशवीवर नाव नसतं.

आता तापावरचा उपाय. उपाय होता जाळी. तळहातावर मावेल एवढी चपटी पांढरी डबी. पिशवी आणि नळी यांच्यामध्ये ती बसवतात. रक्त डबीच्या एका बाजूनं आत जातं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर येतं, तेव्हा पांढऱ्या पेशी आतच राहिलेल्या असतात. किंमत ऐकून जावयानं माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीकडे. पण घेतली. त्या दिवशी थेंब नेहमीपेक्षा सावकाश पडायला लागले. नात कंटाळली. "नाना, और कित्ते टिपके?" अजून किती थेंब, असं विचारत राहिली. मी मोजत राहिलो. ताप आला नाही.

पण मला एक कोडं पडलं. चाळणीत काय होतं? पीठ खाली पडतं आणि कोंडा वर राहतो, कारण कोंडा मोठा असतो. इथे मात्र लाल पेशीची रुंदी आठ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आणि रक्तात वाहणाऱ्या बहुतेक पांढऱ्या पेशीही सात-आठ मायक्रॉनच्याच. दोघी जवळजवळ सारख्या. मग जाळी लालला जाऊ देते आणि पांढरीला धरते, ते कशावरून?

उत्तर असं, की प्रश्न आकाराचा कमी आणि लवचीकपणाचा जास्त. लाल पेशीत केंद्रक नसतं. ती मधे खोलगट असलेली, दोन मायक्रॉन जाडीची एक मऊ पिशवी. चिंचोळी वाट आली की दुमडते, लांबट होते आणि पलीकडे गेली की पुन्हा पहिल्यासारखी. पांढरी पेशी वेगळी. तिच्यात केंद्रक असतं, आतला ऐवज घट्ट असतो, आकारमानही लाल पेशीच्या साधारण दुपटीचं. तीही बारीक वाटेतून जाते, पण अंग हळूहळू लांबवत. लाल पेशीला जिथे सेकंदाचा हजारावा भाग लागतो, तिथे पांढरीला एखादा सेकंद किंवा त्याहून जास्त. म्हणजे सुमारे हजार पट. त्यातून तिचा स्वभाव चिकटण्याचा. धागा दिसला की धरून बसते. जाळीच्या डबीत पॉलिस्टरच्या अतिबारीक तंतूंचे थर असतात. काही पांढऱ्या पेशी त्या तंतूंच्या फटीत अडकतात, बाकीच्या तंतूंना चिकटतात.

आपल्या उरुसाची आठवण करा. फेब्रुवारीत हजरत तुराबुल हकसाहेबांच्या उरुसाला माणसांनी रस्ते भरून जातात. तरीही हजारो माणसं अंग चोरत, आडवी होत, एकमेकांना वाट देत पुढे सरकत असतात. तेवढ्यात लोखंडी पेट्या लादलेला एखादा हातगाडा बोळाच्या तोंडाशी येतो. तो काही आडवा होऊ शकत नाही. मग त्याच्यामागे सगळी गर्दी तुंबते. लांबून बघणाऱ्याला मात्र वाटतं, काय ही गर्दी, हलायचं नाव घेत नाही.

हे मी वॉर्डात सांगत होतो, तर पलीकडच्या खाटेवरच्या मुलाचा बाप ऐकत होता. पाथरी तालुक्यातला शेतकरी. तो म्हणाला, "चाचा, हे तं आमच्या ठिबकावाणीच झालं. टाकीभर पाण्यात गाळ असतो चिमूटभर. पर ड्रिपरचं भोक बारीक. एक कण बसला की ते झाड गेलं. आन् आपण मोटारीला शिव्या देत बसतो, पाणी ओढीना म्हणून."

मोटारीला शिव्या. हा शब्द लक्षात ठेवा, कारण हीच चूक मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या हातून झालेली आहे आणि ती मला फार दिलासा देऊन गेली.

त्याचं असं झालं. १९६०च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत एक नवी जाळी तयार झाली. पॉलिकार्बोनेटच्या पातळ कागदासारख्या पापुद्र्यावर अणूच्या फुटीतून निघालेल्या कणांचा मारा करायचा आणि मग तो अल्कलीच्या द्रावणात धरायचा. जिथे कण आरपार गेला, तिथे गोल, सरळ छिद्र पडतं. द्रावणात किती वेळ ठेवायचं, यावर छिद्र केवढं हवं ते ठरवता येतं. तीन मायक्रॉन, पाच मायक्रॉन, हवं तसं. आपल्या शरीरातल्या केशवाहिन्या पाच ते दहा मायक्रॉनच्या. म्हणजे केशवाहिन्यांची एक नक्कलच प्रयोगशाळेच्या हाती आली.

१९७०च्या दशकात डॉक्टरांनी या जाळीतून रक्त गाळायला सुरुवात केली. मोजायचं एवढंच, की ठरावीक रक्त गळायला किती सेकंद लागतात. मधुमेह्याचं रक्त सावकाश गळे. हृदयरोग्याचं सावकाश गळे. चालताना पोटऱ्यांत गोळे येऊन ज्यांना थांबावं लागतं, त्यांचंही तसंच. रक्तात पेशी म्हणाल, तर मुख्यतः लाल. तेव्हा निष्कर्ष निघाला, की या रोग्यांच्या लाल पेशी कडक झाल्या आहेत, त्या दुमडत नाहीत. गर्दी ज्यांची, दोष त्यांचा.

मग काहींनी रक्तातून पांढऱ्या पेशी काढून टाकून तोच प्रयोग करून पाहिला. रक्त भराभर गळलं. थोड्या पांढऱ्या पेशी परत घातल्या, जाळी तुंबली. हिशेब मांडला तर तो आपल्यालाही कळण्यासारखा आहे. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात लाल पेशी पन्नास लाखांच्या आसपास आणि पांढऱ्या चार ते अकरा हजार. सातशे-आठशे लालमागे एखादी पांढरी. वाटतं, एवढ्याशा त्या, काय अडवणार! पण पाच मायक्रॉनच्या जाळीत एका चौरस सेंटिमीटरला सुमारे चार लाख छिद्रं असतात आणि एक मिलिलिटर रक्तात पांढऱ्या पेशी सत्तर लाखांच्या घरात. प्रत्येक छिद्रावर हातगाडा उभा करायला त्या पुरून उरतात. आजारपणात त्यांची संख्या वाढते आणि त्या जाग्या झाल्या की आणखी कडकही होतात. रोग्यांचं रक्त सावकाश गळत होतं, त्याचा मोठा वाटा पांढऱ्या पेशींचा होता. बोल मात्र लालला लागला होता.

पेंटॉक्सिफायलीन नावाचं एक औषध आहे. पोटऱ्यांत गोळे येणाऱ्यांना ते देत. लाल पेशी मऊ करतं, अशी त्याची ख्याती होती. पुढे दिसलं, की ते पांढऱ्या पेशींवरही काम करतं. औषध तेच, रोगी तेच. नवी होती ती फक्त नजर.

खरं तर ही नजर आधी कुणालाच नव्हती, असंही नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग हे नाव तुम्ही पेनिसिलिनमुळे ऐकलेलं आहे. पेनिसिलिनचा शोध १९२८ सालचा. त्याच्या दोन वर्षं आधी, १९२६ साली, याच फ्लेमिंग यांनी रक्तातून पांढऱ्या पेशी काढण्याची एक साधी रीत छापली होती. साधन काय, तर कापूस! कापसाच्या बोळ्यातून रक्त जाऊ दिलं, की पांढऱ्या पेशी कापसाच्या तंतूंना चिकटून राहतात. आपल्या मानवत-सेलूच्या बाजारात कापसाचे डोंगर बघत आपण लहानाचे मोठे झालो. त्या बोंडातला तंतू एवढं करू शकतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

आता तुम्ही म्हणाल, जाळीचं ठीक आहे, पण शरीरात काय होतं? शरीरातही हेच होतं, फक्त फार शहाणपणानं. स्वीडनमध्ये बागे आणि ब्रॉनेमार्क या दोघांनी १९७७ साली जिवंत माणसाच्या केशवाहिन्यांतून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. यातले ब्रॉनेमार्क म्हणजे दात बसवण्यासाठी टायटॅनियमचा स्क्रू आणणारे तेच. पांढरी पेशी केशवाहिनीच्या तोंडाशी येते, थबकते, अंग लांबवते, आत शिरते. तेवढा वेळ तिच्यामागे लाल पेशींची रांग लागते, मग रांग पुढे सरकते. निरोगी माणसात हे सतत चाललेलं असतं आणि आपल्याला कळतही नाही, कारण शेजारच्या वाटा उघड्या असतात.

फुप्फुसात तर हे थबकणं कामाचंच असतं. तिथल्या केशवाहिन्या पांढऱ्या पेशींपेक्षा अरुंद. म्हणून त्यांचा मोठा साठा तिथे कायम रेंगाळत असतो. हवेतून जंतू आत येतात ते तिथेच. म्हणजे जिथे चोर येण्याचा दरवाजा, तिथेच पहारेकऱ्यांना थांबायला लावणारी वाट. त्यांचं कडक असणं हा दोष नाही, ती त्यांच्या कामाची तऱ्हा आहे.

बिघडतं ते प्रमाण सुटलं की. हृदयविकाराच्या झटक्यात डॉक्टर मोठी रक्तवाहिनी उघडतात, तरी कधीकधी आतल्या बारीक वाटांतून रक्त फिरत नाही. त्याची कारणं अनेक आहेत. त्यांतलं एक म्हणजे तिथे अडकून बसलेल्या पांढऱ्या पेशी. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी एका घन मिलिमीटरला एक लाखाच्या वर गेल्या, की काही प्रकारांत मेंदूच्या आणि फुप्फुसाच्या बारीक वाहिन्या तुंबू लागतात. धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. ती तातडीची वेळ असते.

लाल पेशी नेहमीच निर्दोष, असंही मला सांगायचं नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल पुष्कळ आढळतो. सिकलसेलचा जो नुसता वाहक आहे, तो धडधाकट असतो. पण त्याचं रक्त पिशवीत घेतलं, की प्राणवायू कमी असल्यामुळे त्यातल्या लाल पेशी कडक होऊ शकतात आणि पांढऱ्या पेशींसाठी केलेली जाळी कधीकधी त्याच तुंबवतात. रक्तपेढीत जाळी विनाकारण तुंबली, तर दाता वाहक असेल का, अशी शंका घेतात. म्हणजे प्रत्येक वेळी नव्यानं बघायला हवं. एकदा पांढऱ्या सापडल्या म्हणून दर वेळी त्यांच्याच नावानं पावती फाडून चालत नाही.

श्रोतेहो, या सगळ्यातून तुमच्या-माझ्या हातात काय येतं? तीन गोष्टी सांगतो.

पहिली. घरात कुणाला पुन्हा पुन्हा रक्त लागत असेल, तर पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मिळेल का, असं आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा. एका पिशवीत शंभर कोटींहून जास्त पांढऱ्या पेशी असतात. चांगल्या जाळीतून गेल्यावर त्या पन्नास लाखांच्याही खाली येतात. म्हणजे हजारातल्या नऊशे नव्याण्णव गेल्या. पांढऱ्या पेशींत दडून येणारे काही विषाणूही त्यांच्याबरोबर अडतात. खाटेजवळ गाळण्यापेक्षा रक्तपेढीतच, रक्त घेतल्यावर लगेच गाळलेलं अधिक चांगलं, कारण मग त्या पेशींना पिशवीत मरून ताप आणणारी द्रव्यं सोडायला वेळच मिळत नाही. हल्ली माझ्या नातीला तसंच मिळतं. ब्रिटननं १९९९ साली सगळंच रक्त असं गाळून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे प्रत्येक पिशवीला ते भाग्य नाही. म्हणून विचारायचं.

दुसरी. लग्न ठरवताना आपण पत्रिका बघतो, शेती बघतो, घराणं बघतो. थॅलेसेमियाची तपासणी बघत नाही. हिमोग्लोबिन ए-टू नावाची एक साधी रक्ततपासणी आहे. दोघांपैकी एकच वाहक असेल तर या आजाराचं मूल होत नाही. दोघंही असतील, तर आधी कळलेलं बरं, गरोदरपणात वेळेवर पुढची तपासणी करता येते. ही तपासणी आमच्या घरात सात-आठ वर्षांपूर्वी झाली असती तर, हे वाक्य मी रात्री पुष्कळदा म्हणतो. ते दुसऱ्या कुणावर म्हणायची वेळ येऊ नये.

तिसरी. वय अठरा ते पासष्ट असेल, वजन पंचेचाळीस किलोच्या वर असेल, प्रकृती ठीक असेल, तर रक्त द्या. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. आणि देताना, माझं रक्त माझ्याच माणसाला लागावं, हा हट्ट धरू नका. मी धरला होता. रक्ताच्या बाबतीत परका माणूस आपल्या माणसापेक्षा जास्त उपयोगाचा असू शकतो, हे मी त्या स्टुलासमोर बसून शिकलो.

परवा पिशवी लावली तेव्हा नात खाटेवर उताणी पडून थेंबांकडे बघत होती. म्हणाली, "नाना, ये किसका खून है?"

चार वर्षांची असताना तिला ताप आला, तेव्हा मी पिशवीवर हेच शोधत होतो. पण माझ्या प्रश्नात संशय होता. तिच्या प्रश्नात नव्हता. तिला ते नाव आपल्या वहीत लिहून ठेवायचं होतं. तिच्या वर्गातल्या मैत्रिणींच्या नावाखाली.

मी तिला सांगितलं, की पिशवीवर नाव नसतं. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, मग मी नंबर लिहिते.

तिनं नंबर लिहून घेतला. आता तिच्या वहीत दर तीन आठवड्यांनी एक नंबर वाढतो.

तुमच्यापैकी कुणाचा त्यात असेल, तर त्याला माझा सलाम.